नवीन बडीसोबत पाण्यात उतरताय? जुन्या डाइव्हरांनो, या चुका टाळा

नागपुरात समुद्र नाही, पण स्कूबा डाइव्हर आहेत, आणि पावसाळा संपला की कोणाचा ना कोणाचा मालवण-तारकर्लीचा नाहीतर अंदमानचा प्लॅन बनतेच. ग्रुपमधे एखाद-दुसरा मुरलेला असतो, बाकीचे नुकतंच ओपन वॉटरचं (स्कूबाच्या पहिल्या कोर्सचं) कार्ड घेतलेले, आणि बोटीवर बडीच्या, म्हणजे पाण्यातल्या साथीदारांच्या, जोड्या लागतात तेव्हा कोणीतरी म्हणतेच, "दादा, याला तुमच्यासोबत घ्या." गडबड इथून सुरू होते, आणि माझं तर स्पष्ट मत आहे की बहुतेक वेळा ती गडबड नवीन पोराची नसते, दादाची असते. पोराला जेवढं येते तेवढंच येते, त्यानं ते लपवलेलं नाही. सवयी बदलायच्या आहेत त्या दादानं.

आणि हे सगळं कार्ड असलेल्या लोकांबद्दल सांगून राहिलो. जो पहिल्यांदाच ट्राय करून राहिला त्याला फक्त इन्स्ट्रक्टरच नेणार. तुमच्या कितीही डाइव्ह झालेल्या असोत, मेव्हण्याला किंवा बायकोला "चल मी शिकवतो" म्हणून पाण्यात नेऊ नका, विषय संपला.

"ओके ना? चल" म्हणून उडी मारणे

जुने लोक एकमेकांकडे नुसतं पाहून उतरतात, ते त्यांचं ते पाहतील. नवीन माणसासोबत बडी चेक पूर्ण करायचा म्हणजे करायचा: जॅकेटमधे (हवा भरून तरंगायला घालतो ते) हवा भरते का आणि निघते का, वेट (खाली जायला लावलेलं वजन) कुठे आहे आणि कसं सुटते, बकल कुठल्या बाजूचे, आणि हवा. हवा चेक करताना त्याला गेजकडे (टाकीतला दाब दाखवणारा काटा) पाहत रेग्युलेटरमधून, म्हणजे श्वास घ्यायला तोंडात धरतो त्यातून, तीन-चार मोठे श्वास घ्यायला लावा. काटा जागचा हलला नाही तर ठीक. प्रत्येक श्वासाला काटा खाली झुकून परत वर येत असेल तर टाकीचा वॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही, आणि हे वर समजत नाही कारण वर तेवढ्या हवेत काम चालून जाते, खाली गेलं की श्वास ओढल्या जात नाही. पिवळा ऑक्टोपस, म्हणजे दुसऱ्याला द्यायचा जादा रेग्युलेटर, तुमच्याकडे कुठे लटकून आहे तेही त्याला हात लावून दाखवा, तोंडानं सांगू नका.

खुणा बोटीवरच ठरवा. अंगठा वर केला म्हणजे "मस्त" नाही, "वर जायचं" असा अर्थ, आणि नवीन माणूस खुशीत हमखास अंगठा दाखवतो. 100 बारला (बार म्हणजे टाकीतल्या हवेच्या दाबाचं माप) कोणती खूण, 50 ला कोणती, हे ग्रुपागणिक बदलते म्हणून विचारून घ्या.

स्विमिंग पूलचं वेट समुद्रात चालवणे

हे आपल्याकडच्या लोकांना जास्त लागू. सराव नागपुरातल्या पूलच्या गोड्या पाण्यात, डाइव्ह खाऱ्या पाण्यात. खारं पाणी अडीचेक टक्के जड, म्हणजे माणूस आणि सामान मिळून 100 किलो असेल तर समुद्रात अडीच किलोच्या आसपास वेट जास्त लागते. पण मग दादा लोक काय करतात, पोरगं खाली जात नाही असं दिसलं की अजून दोन किलो, अजून दोन किलो, लावत सुटतात. अर्ध्या वेळी वेट कमी नसतेच, पोरानं घाबरून छातीत हवा भरून धरलेली असते आणि पाय मारून राहिलेला असतो. त्याला पूर्ण श्वास सोडायला सांगा, पाय थांबवायला सांगा, मग ठरवा. जास्त वेट लावलेला माणूस खाली गेल्यावर जॅकेटमधे हवा भरतो, थोडा वर आला की ती हवा फुगते, तो अजून वर जातो, मग घाबरून सगळी हवा सोडतो आणि धाडकन खाली, असं सारखं वरखाली चालते आणि तिकडे टाकी रिकामी होत राहते.

आपल्या हवेच्या हिशोबानं डाइव्ह आखणे

हा सगळ्यात मोठा घोळ, म्हणून आकडेच मांडतो. 11 लिटरची टाकी 200 बार भरलेली म्हणजे 2200 लिटरच्या आसपास हवा. शेवटचे 50 बार राखीव, राहिले 1650 लिटर. तुम्ही शांत आहात, पाण्याच्या वर मिनिटाला 15 लिटर घेता असं धरा, 18 मीटरवर दाब 2.8 पट म्हणजे 42 लिटर, तुमचे 39 मिनिटं निघतात. नवीन माणूस सहज 25 लिटर घेतो, तिथं ते होतात 70, आणि 23 मिनिटांत खल्लास, आणि उतरायचा-चढायचा वेळही त्यातच. त्यालाच 10 मीटरवर ठेवलं तर तेच 33 मिनिटं जातात, आणि खरं सांगायचं तर तिथं उजेडही जास्त, रंगही जास्त दिसतात. त्याच्या कार्डावर 18 मीटर आहे तर जोडीची मर्यादा 18 च, तुमचं 30 चं कार्ड त्या दिवशी बॅगेत राहू द्या.

सुरुवातीला दर तीन-चार मिनिटांनी त्याला हवा विचारा आणि त्यानं नुसतं ओके केलं तर चालवून घेऊ नका, आकडा मागा. काही हुशार लोक त्याची हवा संपत आली की स्वतःचा ऑक्टोपस त्याला देऊन डाइव्ह लांबवतात. ही जुगाड बंद करा. ऑक्टोपस वर येण्यासाठी असतो, फिरण्यासाठी नाही. त्याचे 50 बार झाले म्हणजे तुमचीही डाइव्ह संपली, तुमच्याकडे 120 का असेना.

कानाचं दुखणं लाजेखातर लपवल्या जाते

आपल्याकडे मोठ्या माणसापुढे "नाही जमत" म्हणायची सोय नाही, विशेषतः तो मोठा माणूस आधीच वैतागलेला दिसत असेल तर. पोरगं कान दुखत असताना खाली येत राहतं कारण दादा खाली जाऊन पोचले. म्हणून दोरी धरून, पाय खाली ठेवून, त्याच्या समोरासमोर, त्याच्याच स्पीडनं उतरा. कान दुखायच्या आधीच मोकळे करायला लावा, सुरुवातीच्या काही मीटरात तर सारखे. अडकले तर नाक दाबून जोर लावू देऊ नका, एक मीटर वर घ्या, परत ट्राय करा, नाहीच झालं तर वर. बोटीवरच सांगून ठेवा की दोघांपैकी कोणीही, केव्हाही, कारण न देता डाइव्ह थांबवू शकतो. आणि त्यानं थांबवली की तोंड वाकडं करू नका, हे जास्त महत्त्वाचं.

पुढे निघून जाणे, कॅमेऱ्यात घुसणे

नवीन बडी असेल त्या दिवशी कॅमेरा बोटीवर. मागं-पुढं नाही, बाजूला पोहा, हात लांब केला की लागेल एवढ्यावर. मालवणकडे पाणी कधी छान स्वच्छ असते, कधी इतकं गढूळ की दोन-तीन मीटरवरचा माणूस दिसत नाही. टाकी वाजवून बोलवू म्हणाल तर पाण्यात आवाज चारपट वेगानं येतो, कुठल्या बाजूनं आला ते समजतच नाही, नवीन माणूस फक्त गरगर फिरतो. हरवलात तर एक मिनिट शोधा, मग सावकाश वर, दोघांनीही. हेही आधी ठरलेलं पाहिजे, नाहीतर तुम्ही वर आणि तो खाली तुम्हाला शोधत.

बिघडलंच तर

मास्कमधे पाणी गेलं: त्याचा दंड धरा, डोळ्यात पाहा, हातानं "हळू" दाखवा. रेग्युलेटर तोंडातच राहिला पाहिजे तेवढं बघा, मास्कमधलं पाणी तो स्वतः काढेल.

श्वास फास्ट, डोळे मोठे, शरीर उभं होऊन सायकल मारल्यासारखे पाय: हे पॅनिकच्या आधीचं. पोहणं बंद करा, त्याला दोरी किंवा खडक धरायला द्या, लांब श्वास सोडायला लावा. तेवढ्यानं बहुतेकदा उतरते.

पॅनिक झालाच तर समोरून जाऊ नका, तो तुमचाच रेग्युलेटर ओढेल. मागून टाकीचा वॉल्व्ह धरा, त्याच्या जॅकेटमधली हवा सोडत वेग आवरा, श्वास रोखू देऊ नका. मिनिटाला 9 मीटरपेक्षा हळू यायचं असते, पण तो सुटून वर गेला तर तुम्ही त्याच वेगानं मागं धावू नका. वर आल्यावर आधी त्याचं जॅकेट फुगवा, नाही जमलं तर वेट सोडा. असा झपकन वर आलेला माणूस त्या दिवशी परत पाण्यात नाही. सांधे दुखणे, मुंग्या येणे, चक्कर, यातलं काही दिसलं तर ऑक्सिजन लावा आणि सरळ डॉक्टर, "झोपला की बरं वाटेल" नको.

परतीचा घाट

डाइव्हनंतर लगेच उंचीवर जाणं धोक्याचं. विमानाचं बऱ्याच जणांना माहीत असते: एकच डाइव्ह असेल तर निदान 12 तास, जास्त असतील तर 18 तास थांबायचं, डाइव्हर्स अलर्ट नेटवर्क या डाइव्हरांच्या सुरक्षेसाठीच्या संस्थेचा हा नियम आहे. पण तो साधारण 600 मीटर उंचीपासून लागू धरतात, आणि आपले लोक तारकर्लीला सकाळी डाइव्ह करतात, दुपारी सुरमई हाणतात आणि रातोरात नागपूर गाठायचं म्हणून आंबोली घाट चढतात. आंबोली 690 मीटरच्या आसपास आहे. नवीन बडीला हे कोणी सांगत नाही, कारण गाडी दादाच चालवून राहिलेला असतो आणि त्याला सोमवारी ऑफिस असते. डाइव्ह आल्या-आल्या पहिल्या दिवसांत उरका, शेवटचा दिवस सिंधुदुर्ग किल्ल्याला ठेवा, आणि घाट दुसऱ्या दिवशी चढा.