घरात शार्क पाळायचाय? आधी फरशी बघा

दर गणपतीत आमच्याकडे न्यू जर्सीत जे लोक दर्शनाला येतात ते बाप्पाच्या की बेसमेंटमधल्या टँकच्या हे मला अजून कळलेलं नाही. हातात मोदक घेऊन सगळे खाली उतरतात आणि मग तेच प्रश्न, चावतो का, खर्च किती येतो, आमच्या पोरालाही हवाय. तर एकदाच सगळं लिहून टाकतो, पुढच्या वर्षी लिंक पाठवेन.

आधी शार्क म्हणजे कुठला ते बघू. लहानपणी क्रॉफर्ड मार्केटला दुकानात शार्क म्हणून जो दाखवायचे तो पंगास, म्हणजे हॉटेलात आपण बासा म्हणून खातो त्याचंच पिल्लू. बाला शार्क, रेडटेल शार्क हे तर सरळसरळ रोहू-कटल्याचे भाऊबंद, गोड्या पाण्यातले. खरा शार्क घरात ठेवायचा तर तळाशी पडून राहणारा घ्यायचा. बांबू शार्क, एपॉलेट आणि कोरल कॅटशार्क ही तीन नावं लक्षात ठेवा. हे एका जागी बसून स्वतःच कल्ल्यांतून पाणी खेचतात, श्वासासाठी सतत पोहत राहावं लागत नाही. ब्लॅकटिप रीफ शार्क दिसायला झकास पण तो दिवसरात्र फिरणारा, घरच्या टँकमध्ये त्याचे हालच होतात. आणि नर्स शार्कचं गोजिरवाणं पिल्लू कोणी दाखवलं तर हात जोडून बाहेर पडा, तो दहा फूट होतो.

माझी तपकिरी पट्ट्यांची बांबू शार्क आहे. ह्यांची एक करडी बहीण आपल्या किनाऱ्यावरही असते, जाळ्यात येते. आई मालवणहून पहिल्यांदा इकडे आली तेव्हा काचेपाशी उभी राहून बराच वेळ बघत होती आणि मग म्हणाली, "अरे ही तर मोरी! हिचं मटण करतात, पाळतात काय?" मालवणकडे छोट्या शार्कला मोरीच म्हणतात, तेव्हापासून तिचं नाव मोरीच.

आता मुख्य गोष्ट, टँक. पिल्लू वीतभर असतं म्हणून सगळे फसतात, मीही फसलो. सहा बाय दोन फुटांचा १८० गॅलनचा टँक घेतला, म्हटलं मोठी झाली की बघू, आणि दीड वर्षात बघावं लागलं कारण ती दोन फूट झाली होती आणि टँकची रुंदीही दोनच फूट. शार्कला आपल्या गोल्डफिशसारखं जागच्या जागी फिरता येत नाही, कंबरेतून वाकून मोठं वळण घ्यावं लागतं, तर प्रत्येक वळणाला तिचं नाक काचेवर घासायचं आणि महिनाभरात ते नाक पांढरं पडलं. ते बघून मला जेवण जाईना. तर टँक पहिल्या दिवसापासून पूर्ण वाढलेल्या शार्कच्या मापाचा घ्या, बांबू शार्क साधारण साडेतीन फुटांपर्यंत जातो म्हणून आठ बाय चार फूट तळ, उंची दोन फूट पुरे. उंचीवर पैसे घालवू नका, तो वर येतच नाही फारसा. जागा कमीच असेल तर कोरल कॅटशार्क बघा, तो सव्वादोन फुटांच्या आसपास थांबतो.

आठ गुणिले चार गुणिले दोन म्हणजे ६४ घनफूट, साधारण १८०० लिटर, म्हणजे नुसतं पाणीच पावणेदोन टनांच्या वर, काच-स्टँड-वाळू वेगळी. लाकडी फ्लोअरच्या वरच्या मजल्यावर हे ठेवायचं डोक्यातसुद्धा आणू नका. बेसमेंटचा काँक्रीट स्लॅब असेल तरच, आणि पुण्या-मुंबईच्या फ्लॅटवाल्यांनी आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा, सोसायटीच्या सेक्रेटरीला नंतर.

पाण्याचे आकडे पाठ करायला सोपे आहेत, सांभाळायला नाहीत. तापमान २४ ते २६ अंश सेल्सिअस, खारटपणा (विशिष्ट गुरुत्वात मोजलेला) १.०२५ च्या आसपास, पीएच ८.१ ते ८.४, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट २० पीपीएमच्या खाली ठेवायचा प्रयत्न. शार्क दाबून मांस खातो आणि तेवढीच घाण करतो, त्यामुळे काचेला बाहेरून लटकवायचा साधा हँग-ऑन फिल्टर चालत नाही. खाली मोठा संप, म्हणजे फिल्टरची वेगळी टाकी पाहिजे आणि टँकच्या मापाला लागतो त्याहून मोठा स्किमर, म्हणजे फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र पाहिजे. शार्क आणायच्या आधी रिकामा टँक चालू करून त्यात अमोनिया टाकून तो पचवणारे बॅक्टेरिया वाढवायचे, ह्याला महिना-दीड महिना लागतो, कधी दोन. रोज टेस्ट करायची आणि टाकलेला अमोनिया चोवीस तासांत शून्य होतोय, नायट्राइटही शून्य दिसतंय असं झालं की मगच शार्क. ह्यात घाई केलेले दोन मित्र आहेत माझे, दोघांचेही टँक आता बेसमेंटात रिकामे पडलेत.

नायट्रेटचं वेगळं सांगतो कारण हे लोकांना माहीत नसतं. नायट्रेट वाढलेलं असलं की शार्कला पाण्यातलं आयोडीन नीट घेता येत नाही आणि गळ्याखाली गाठ येते, चक्क गलगंड, माणसांसारखा. म्हणून दर आठवड्याला किंवा फार तर दहा दिवसांनी २० टक्के पाणी बदलायचं. माझ्या आताच्या आठ बाय चारच्या टँकला ते साधारण ३६० लिटर होतं, त्याला १३ किलोच्या आसपास समुद्री टँकचं मीठ लागतं, आणि पाणी नळाचं नाही, आरओ-डीआयचंच, म्हणजे क्षार काढून टाकलेलं. शनिवारची सकाळ ह्यातच जाते. बायको म्हणते तुझा हा शनिवारचा उपास आहे.

तांबं म्हणजे विष. माशांच्या व्हाइट स्पॉटवर (अंगावर पांढरे ठिपके येतात तो रोग) मिळणाऱ्या बऱ्याच औषधांत तांबं असतं आणि ते शार्क आणि पाकट (स्टिंगरे) दोघांनाही सहन होत नाही. सेकंडहँड टँक किंवा दगड घेताना आधी त्यात तांब्याचं औषध टाकलं होतं का हे विचाराच, दगडात मुरतं ते आणि नंतर हळूहळू सुटतं.

दुसरं म्हणजे वीज. शार्कच्या नाकाभोवती बारीक बारीक छिद्रं असतात त्यातून त्याला पाण्यातला अगदी सूक्ष्म करंट कळतो, भक्ष्य तसंच शोधतो तो. त्यामुळे एखादा पंप किंचित लीक करत असेल तर आपल्याला काही कळत नाही पण तो बेचैन होतो, खायचा थांबतो. हीटर, पंप सगळं खाली संपमध्ये ठेवा, ग्राउंडिंग नीट करून घ्या. हीटर टँकमध्ये ठेवला तर ऊब मिळते म्हणून ते त्याला चिकटून बसतात आणि पोट भाजून घेतात.

वाळू बारीक, साखरेसारखी, दोन-तीन इंच. कोरलचा जाडा चुरा नको, पोट खरवडतं. दगड आधी काचेच्या तळावर पक्के बसवा आणि मग भोवती वाळू टाका, कारण हे रात्री खोदतात आणि वाळूवर ठेवलेला दगड अंगावर पाडून घेतात. लपायला एक तरी गुहा लागतेच. झाकण घट्ट आणि वर वजन ठेवा, मोरी एकदा ओव्हरफ्लो बॉक्समध्ये, म्हणजे जिथून पाणी खाली संपमध्ये उतरतं त्या पेटीत, जाऊन बसली होती, मी अर्धा तास सोफ्याखाली शोधत होतो.

शार्क मिळवायचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे अंडं. टँकमध्येच घातलेली अंडी इकडे मिळतात, समुद्रातून पकडलेला मोठा शार्क आणण्यापेक्षा हे कधीही बरं, तो आधीच प्रवासाने खचलेला असतो. अंडं म्हणजे तपकिरी चामड्याची चपटी पिशवी, मागून टॉर्च धरला की आत पिवळा बलक आणि त्याला लटकलेलं दोऱ्याएवढं पिल्लू शेपूट हलवताना दिसतं. मी रोज रात्री बघायचो, ऑफिसचं काम बाजूला ठेवून. फुटायला तीन ते पाच महिने लागतात, तोवर हलक्या प्रवाहात, जाळीच्या पेटीत ठेवायचं. उशीर होतोय म्हणून कात्री घेऊन मदत करायला जाऊ नका, बलक पूर्ण संपायच्या आत बाहेर काढलं तर पिल्लू जगत नाही. बाहेर आल्यावर आठवडाभर खात नाही, घाबरू नका, पोटात शिदोरी असते.

खायला माकूल (स्क्विड), कोळंबी, तिसऱ्यांचं मांस, छोटे समुद्री मासे. सगळं कोरियन ग्रोसरीत मिळतं, फक्त मीठ-मसाला काही नको आणि गोड्या पाण्यातले गोल्डफिश वगैरे मुळीच नको. एकच पदार्थ रोज देऊ नका, फ्रोझन मासे-कोळंबीत व्हिटॅमिन बी-१ कमी पडतं, म्हणून शार्कसाठीच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या मिळतात त्या माकुलाच्या नळीत सारून द्यायच्या, गुळात औषध लपवतो तसं. पिल्लाला रोज थोडं, मोठ्याला आठवड्यातून दोन-तीनदाच. प्लास्टिकच्या लांब चिमट्याने नाकासमोर धरायचं. हाताने भरवून व्हिडिओ काढायची हौस असेल तर असो, पण त्याला बोट आणि माकूल ह्यातला फरक दिसत नाही.

सोबतीला ट्रिगर, पफर, मोठे एंजल हे मासे नकोत, ते शार्कचे डोळे आणि पाकटाच्या कडा कुरतडतात. खेकडे, शेवंड, छोटे मासे हे सोबती नव्हेत, जेवण आहे.

आता पाकट. पोरांना हेच आवडतं आणि हेच अवघड. निळ्या ठिपक्यांचं पाकट दुकानात इतकं सुंदर दिसतं की खिशात हात जातोच, पण टँकमध्ये आणलं की ते खायलाच मागत नाही. माझं पाच आठवडे टिकलं. दुकानदार म्हणाला होता "खातंय की मस्त", आणि मी खाताना दाखव म्हणालो नाही ही माझी चूक. आता सांगतो, पैसे द्यायच्या आधी समोर खायला लावा. शेपटीच्या मुळाशी सांगाडा वर आलेला दिसला तर ते उपाशी आहे. अंगाच्या कडा पुरीसारख्या वर वळायला लागल्या तर समजा वेळ गेली. घ्यायचंच तर यलो स्टिंगरे, ते फ्लोरिडा-कॅरिबियनकडचं, थाळीएवढं होतं आणि त्यातल्या त्यात बरं खातं. शार्क वर्षभर नीट सांभाळला असेल तरच ह्याच्या वाटेला जा.

शेपटीचा काटा विषारी असतो. जाळीने पकडू नका, काटा जाळीत अडकतो, पाण्यासकट डब्यात घ्या. टँकमध्ये हात घालताना ते कुठे बसलंय हे आधी बघा, वाळूत गाडून घेतलेलं दिसत नाही. टोचलंच तर सहन होईल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या वर नाही, हात बुडवून ठेवा, वेदना कमी होतात, आणि तसेच इमर्जन्सीला जा.

बॅटरीवर चालणारे दोन एअर पंप घरात ठेवाच. इकडे बर्फाच्या वादळात लाइट गेली की हीटर बंद पडल्याने काही लगेच होत नाही, इतकं पाणी हळूहळू थंड होतं, पण ऑक्सिजन आधी संपतो.

राहिला भारतवारीचा प्रश्न. डिसेंबरात तीन आठवडे जायचं तर शेजाऱ्याला फक्त भरवायचं काम द्या, तेही पाकिटं करून, प्रत्येक पाकिटावर तारीख लिहून फ्रीजरमध्ये. मी पहिल्या वर्षी तोंडी सांगून गेलो होतो आणि त्या बिचाऱ्याला वाटलं भुकेली दिसते, रोज मूठभर कोळंबी टाकली. परत आलो तर वास दारातच. आता नऊ पाकिटं ठेवतो आणि बाकीची कोळंबी दुसऱ्या फ्रीजमध्ये, कुलूप लावून.