गावकीत सही करण्याआधी

गणपतीत दीर आले ते सोडचिठ्ठीचा स्टँपपेपर घेऊनच. साक्षीदारांची जागा सोडलेली, आणि खाली ‘यापुढे पोटगी मागणार नाही’ अशी ओळ. गावकीसमोर सही केली की विषय मिटला, म्हणाले. मी पेन उचललंही होतं. मामा एवढंच बोलला, "गो, कोर्टाच्या लेखी तू त्याचीच बायल रवतलस, तेचा काय?"

मामाचं खरं होतं. हिंदू लग्न कोर्टाच्या हुकमानं मोडतं. जातीत काडीमोडाची रूढी असेल तर कायदा ती मानतो, पण ती पूर्वापार असल्याचं सिद्ध करावं लागतं. तेव्हा असल्या कागदावर सही नको.

वकिलाचं आधी सांगते, कारण पैसे मी तिथेच घालवले. एकाला पाच हजार दिले, पावती मागितली नाही, अर्ज काही दाखल झाला नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात बाईला मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही, हे मला नंतर कळलं. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, आम्हाला मालवण. आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचं प्राधिकरण ओरोसला. फोन करायचा तर १५१००. फुकटचा वकील म्हणजे कच्चा वकील, असं आमच्याकडे बायका म्हणतात. मला मिळालेल्या वकीलबाई एरवी पैसे घेऊन खटले चालवतात, त्याच समितीच्या यादीवरही आहेत. महाराष्ट्रात पोटगी, घटस्फोट अशा दाव्यांत बायकांना कोर्ट फीही माफ आहे, १९९४ पासून. झेरॉक्स आणि टायपिंगचे पैसे मात्र जातात.

घटस्फोटाला वर्षं लागतात, पोट थांबत नाही. म्हणून आधी पोटगीचा अर्ज करा. फौजदारी प्रक्रिया संहितेतलं जुनं कलम १२५ आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झालंय. मारझोड, हाकलून देणं असं काही असेल तर २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली अर्ज करा; त्यात राहायला जागा, खर्च आणि मुलाचा तात्पुरता ताबा एकत्र मागता येतो. अर्ज लिहून द्यायला संरक्षण अधिकारी असतात. नवरा मुंबईत म्हणून मुंबईला धावायची गरज नाही, माहेरी राहत असाल तर तिथल्याच कोर्टात चालतं. माझ्या मुसलमान शेजारणीचा तलाकाचा कायदा वेगळा, पण मोफत वकील आणि हा अर्ज तिलाही तसाच.

आता कोर्टात न्यायच्या कागदांची पिशवी. लग्नपत्रिका, लग्नाचे फोटो, मुलीचा जन्मदाखला, शाळेच्या फीच्या पावत्या, दागिन्यांची बिलं. नवऱ्याची पगाराची स्लिप मिळाली तर सोनंच. माझा नवरा ‘मी रोजंदारीवर’ म्हणाला. तेव्हा आम्ही त्याच्या नावावरच्या आंबा कलमांच्या बागेचा सातबारा काढला आणि जोडला. सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या निकालापासून दोघांनाही मिळकत, मालमत्ता आणि कर्ज प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावं लागतं. पोटगीही अर्जाच्या तारखेपासून धरायची, असं त्याच निकालात आहे. म्हणजे शिमगा होऊ दे, मग बघू, असं करत बसलात की तेवढे महिने गेले. धमक्यांचे मेसेज असतील तर जुना मोबाईल विकू नका.

ताब्याचं सांगताना मला माझीच चूक सांगावी लागेल. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे, असं कायदा म्हणतो, म्हणून मी निर्धास्त होते. रागानं दोन महिने मुलीला बापाशी फोनवर बोलू दिलं नाही. ते त्याच्या वकिलानं तारखांसकट लिहून आणलं. कोर्ट मुलाचं हित बघतं, आपला राग नाही. भेटू द्या, आणि कधी भेटला ते वहीत लिहा.

दोघांना पटत असेल तर संमतीचा घटस्फोट बरा. एक वर्ष वेगळं राहिलेलं हवं, मग अर्ज, मग सहा महिने थांबायचं. ते सहा महिने कोर्ट माफ करू शकतं, २०१७ पासून. दागिने, रक्कम, मुलीची सुट्टी कुणाकडे, सगळं अर्जातच लिहून घ्या. तोंडी काही ठेवू नका.

तारखेच्या दिवशी पहिली एसटी पकडा आणि डबा घेऊन जा, पुकारा कधी जेवणानंतरही होतो. निघताना पुढची तारीख स्वतः विचारून घ्या. वकील सांगेल म्हणून मी एकदा थांबले, आणि ती तारीख माझ्याशिवायच झाली.