दाढीचं तेल निवडताय? या चुका टाळा

श्रावण पाळणारी मराठी घरं बडोद्यात अजून बरीच आहेत. दांडिया बाजार, रावपुरा, सूरसागरच्या आजूबाजूच्या गल्ल्या, इथली मुलं आषाढ संपता संपता शेवटची दाढी करतात आणि मग महिनाभर ब्लेड बाजूला पडतं. आमच्या लहानपणी गणपती यायच्या आत ती दाढी उतरायची. आता ती गणपतीत राहते, पितृपक्षात तर कापायचीच नसते, आणि नवरात्रात गरब्याच्या मैदानावर ती नीट कोरलेली दिसायला हवी असते. त्यामुळे श्रावणाचा दुसरा आठवडा लागला की ज्या औषधांच्या दुकानात मी काउंटरवर उभा असतो, तिथे रोज दोन-चार जण तरी विचारतात, "काका, दाढी लवकर भरेल असं एखादं तेल द्या ना."

त्यातला 'भरेल' हा शब्द बहुतेक चुकांचं मूळ आहे.

तेलाने नवे केस येतील ही आशा

दाढीचा केस कुठे उगवणार आणि किती दाट उगवणार हे त्वचेखालची केसांची मुळं ठरवतात. वयात येताना टेस्टोस्टेरॉन आणि त्यापासून शरीरातच तयार होणारं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन ही संप्रेरकं त्या मुळांवर काम करतात आणि गालावरची मऊ लव जाड, काळ्या केसांत बदलत जाते. कोणाची मुळं या संप्रेरकांना किती दाद देतात हे बरंचसं घराण्याकडून आलेलं असतं. दाढी विरळ म्हणजे मुलात काही उणीव आहे असं समजून घरचे काळजी करतात, मुलं मित्रांमध्ये गप्प होतात. तसं काही नसतं. रक्तातलं संप्रेरकांचं प्रमाण अगदी व्यवस्थित असूनही गाल मोकळे राहू शकतात. आणि जे संप्रेरक गालावर केस आणतं, तेच पुढे कित्येकांच्या डोक्यावरचे केस विरळ करतं, हेही लक्षात ठेवा.

वयाचाही हिशेब आहे. १८-१९ व्या वर्षी जबड्यावर दाढी असते पण गालावर ठिगळं दिसतात. पंचविशी-तिशीपर्यंत ती हळूहळू भरत राहते. दाढी दिवसाला साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर वाढते, म्हणजे महिन्याला सेंटिमीटरभर. श्रावण प्रतिपदेपासून घटस्थापनेपर्यंत दोन महिने धरा, तर दाढी २ सेंटिमीटरच्या आसपास असेल. कुठल्याही बाटलीने तिचे ४ होत नाहीत.

मग तेल करतं काय? केसाचा रुक्षपणा कमी करतं, विंचरताना तो तुटू देत नाही, खालच्या त्वचेतला ओलावा उडू देत नाही. केस तुटले नाहीत आणि एका दिशेला बसले की आहे तीच दाढी दाट दिसते. मला हे काम मोलाचं वाटतं, म्हणूनच तेल नीट निवडावं असं मी सांगतो.

वारंवार वस्तरा फिरवला की दाढी दाट येते, हाही असाच जुना समज. १९२८ साली अमेरिकेतल्या शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी दाढी करणाऱ्या पुरुषांचे केस मोजून पाहिले. दाढी केल्याने ना जाडी वाढली, ना वेग. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं, म्हणून खुंट हाताला राठ लागतात, एवढंच. पहिल्या दोन-तीन आठवड्यांची खाजही या नुकत्या कापलेल्या खुंटांमुळेच येते. ती आपोआप ओसरते. त्या खाजेला घाबरून रोज तीनदा तेल ओतू नका.

कोंड्यावर तेल

माझा भाचा महाराजा सयाजीराव विद्यापीठात पहिल्या वर्षाला आहे. गेल्या वर्षी भाद्रपदात तो आला आणि म्हणाला, "मामा, चार महिन्यांत तिसरी बाटली संपत आली, तरी मधे मोकळंच आहे बघ." मी उजेडात नेऊन केस बाजूला केले. केसांपेक्षा त्वचेने मला जास्त घाबरवलं. नाकाच्या बाजूला आणि हनुवटीखाली लालसर चट्टे, त्यावर पिवळट, तेलकट पापुद्रे. तो त्याला कोरडेपणा समजत होता. कोरडं दिसलं की तेल, तेल लावलं की दुसऱ्या दिवशी आणखी पापुद्रे, म्हणून आणखी तेल.

ही चूक मी सगळ्यांत जास्त पाहतो, म्हणून इथे थोडं थांबतो. माणसाच्या त्वचेवर मॅलॅसेझिया नावाची बुरशी राहतेच. ती त्वचेतून पाझरणाऱ्या तेलावर जगते, आणि आपण वरून लावलेल्या बहुतेक वनस्पती तेलांतली स्निग्ध आम्लंही तिच्या उपयोगाची असतात. ज्यांची त्वचा तिला जास्त चिडून प्रतिसाद देते, त्यांना डोक्यात, भुवयांत, नाकाच्या बाजूला आणि दाढीत कोंडा होतो. अशा त्वचेला ऑलिव्ह किंवा बदाम तेल चोपडणं म्हणजे आजाराला खाऊ घालणं.

फरक ओळखायचा कसा? नुसत्या कोरड्या त्वचेचे पापुद्रे बारीक, पांढरे, सुटे असतात. आंघोळीनंतर दोन-तीन थेंब तेल लावलं की दोन दिवसांत बरं वाटतं. कोंड्याचे पापुद्रे तेलकट, पिवळसर असतात, खाली लाली असते, आणि तेलाने ते वाढतात. दुसऱ्या प्रकारात तेल पूर्ण बंद. कीटोकोनॅझोल या बुरशीनाशक औषधाचा शाम्पू आठवड्यातून दोनदा दाढीत मुळापर्यंत लावून तीन ते पाच मिनिटं ठेवायचा आणि धुवायचा. दोन ते चार आठवड्यांत बहुतेकांना उतार पडतो. पडला नाही तर त्वचारोगतज्ज्ञ. भाच्याचं तीन आठवड्यांत शमलं. पुढे त्याला हलकं काही लावायचंच होतं, तेव्हा मी स्क्वालेन हे हलकं, तेलासारखं द्रव सुचवलं, कारण या बुरशीला त्यातून अन्न मिळत नाही.

बाटलीची फक्त पुढची बाजू वाचणं

पुढे सिंह असतो, कुऱ्हाड असते, 'ग्रोथ' हा शब्द मोठ्या अक्षरांत असतो. बाटली उलटी करा. घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असते, त्यामुळे पहिली तीन नावं म्हणजे जवळपास सगळी बाटली. पुढे आर्गन या झाडाच्या बियांच्या तेलाचं चित्र आणि मागे आर्गन शेवटून दुसरं, पहिलं नाव 'लाइट लिक्विड पॅराफिन', असं पुष्कळदा सापडतं. पॅराफिन वाईट नाही, हे मात्र ठामपणे सांगतो. सौंदर्यप्रसाधनांसाठी शुद्ध केलेलं खनिज तेल त्वचेला सहसा त्रास देत नाही आणि खवटही होत नाही. पण त्याला मोरोक्कोहून आलेल्या आर्गनचा भाव देऊ नका.

यादीत 'परफ्यूम' वर असेल आणि तुमची त्वचा नाजूक असेल तर बाटली परत ठेवा. चेहऱ्यावर पुरळ उठण्यामागे सुगंधाची ॲलर्जी वरचेवर निघते. उत्पादनाची तारीख, कधीपर्यंत वापरावं, बॅच क्रमांक, उत्पादकाचा परवाना क्रमांक, यातलं काही नसेल तर घेऊ नका, मग ती ओळखीच्या सलूनवाल्याने दिलेली का असेना.

दाढीसाठीच्या काही 'सीरम'मध्ये मिनॉक्सिडिल असतं. ते तेल नाही, औषध आहे. त्याला मान्यता डोक्यावरच्या केसांसाठी मिळालेली आहे. दाढीसाठी डॉक्टर स्वतःच्या जबाबदारीवर देतात. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय हातही लावू नये. बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचंही तसंच. शरीरात कमतरता नसेल तर त्यांनी दाढी वाढल्याचा भरवसा नाही, उलट थायरॉइडसारख्या रक्ततपासण्यांचे आकडे त्यांच्यामुळे चुकू शकतात. गोळ्या चालू असतील तर लॅबमध्ये सांगा.

घरचं आहे म्हणून चालेल?

गुजरातेत राहून एरंडेलाबद्दल बोलायचं नाही असं होणार नाही. जगात सर्वांत जास्त एरंड भारतात पिकतो आणि त्यातला मोठा वाटा बनासकांठा, मेहसाणा, कच्छ या पट्ट्यातून येतो. इथे त्याला दिवेल म्हणतात. बडोद्याच्या कित्येक मराठी घरांतही उन्हाळ्यात वर्षाचे गहू दिवेल चोळूनच भरतात. त्यामुळे आजी सांगते, "दिवेल लाव, दाढी दाट होईल." दिवेलाने नवे केस येतात याला भक्कम पुरावा नाही. ते अतिशय घट्ट असल्याने नुसतं लावलं तर धूळ धरतं, आणि लांब दाढीत गुंता होतो, कधी असा की कात्रीच घ्यावी लागते. लावायचंच तर एक भाग दिवेल आणि चार-पाच भाग हलकं तेल. केस जरा बसतात, चमक येते.

मोहरीचं तेल चेहऱ्याला नको. नाकात झोंबणारा त्यातला तिखट घटक त्वचेलाही झोंबतो. खोबरेल केसाच्या आत शिरून त्याला आतून सांभाळतं, हा त्याचा खरा गुण; पण मुरुमं येणाऱ्या चेहऱ्यावर ते छिद्रं तुंबवू शकतं, आणि २४ अंशांच्या खाली थिजत असल्याने पौष-माघात बाटलीतून निघतही नाही. तीळतेल कोरड्या त्वचेला चांगलं. होहोबा, म्हणजे लेबलवर 'जोजोबा' लिहितात ते, खरं तर द्रवरूप मेण आहे. आपल्या त्वचेच्या स्वतःच्या तेलाशी त्याचं साम्य आहे, ते लवकर खवट होत नाही आणि तेलकट त्वचेलाही बऱ्यापैकी मानवतं. पहिल्यांदा घेणाऱ्याला मी बहुधा हेच सुचवतो, कमी घटकांचं, बिनवासाचं.

टी ट्री, पेपरमिंट, लवंग यांचे अर्क थेट गालावर लावणारी मुलं भाजल्यासारखे डाग घेऊन येतात. चेहऱ्यासाठी त्यांचं प्रमाण शेकडा एकच्या आसपास ठेवतात, म्हणजे ३० मिलीच्या बाटलीत साधारण सहा थेंब. बर्गमोट या लिंबाच्या जातीच्या फळाचा किंवा लिंबाच्या सालीचा अर्क असलेलं तेल लावून उन्हात गाडी चालवली तर त्वचा पोळते आणि मागे तपकिरी डाग राहतात. अकोट्याहून मांडवीपर्यंत भर दुपारी स्कूटरवर जाणाऱ्यांनी हे विशेष पाळावं.

कुठलंही नवं तेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला सकाळ-संध्याकाळ आठवडाभर लावून बघा. ॲलर्जी कधी कधी दोन-तीन दिवसांनी उठते, त्यामुळे एका रात्रीची परीक्षा अपुरी पडते.

बारा महिने एकच बाटली, एकच माप

बडोद्याची हवा वर्षातून तीन रूपं दाखवते. मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो, जून ते सप्टेंबर अंग चिकचिकत राहतं, आणि डिसेंबर-जानेवारीत ओठ फुटतात. पावसाळ्यात बारीक दाढीला दोन थेंब, तेही एक दिवसाआड पुरतात. थंडीत तीच दाढी चार-पाच थेंब पिते, जरा जड तेलही सोसते. गरब्याला जाताना तेल लावूच नका. मैदानावरची धूळ, घाम आणि तेल रात्री दोनपर्यंत चेहऱ्यावर बसलं की चौथ्या माळेला फोड आलेच. परतल्यावर तोंड धुवा, टिपून घ्या, मग हवं तर एक-दोन थेंब.

तेल लावायचं ते धुतलेल्या, टॉवेलने टिपलेल्या, किंचित ओलसर दाढीला. तेलात पाणी नसतं. ते असलेला ओलावा अडवतं, त्यामुळे ठणठणीत कोरड्या दाढीवर त्याचा निम्मा फायदा वाया जातो. तळव्यांवर पसरवा, आधी बोटांच्या टोकांनी त्वचेपर्यंत पोहोचवा, उरलेलं केसांवरून फिरवा. दाढीला अंगाचा साबण नको, आणि बोअरचं पाणी येत असेल तर मुळीच नको. जड पाण्यात साबणाचा पांढरा थर केसांवर बसतो आणि मग तेलही नीट लागत नाही. सौम्य फेसवॉश पुरे.

बाटली गडद काचेची, छोटी घ्या. स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. शेंगदाणे खवट झालेले आपल्याला वासावरून लगेच कळतात, तोच वास तेलाला आला की फेकून द्या. खवट तेल त्वचेला जाच करतं.

तेलाने झाकू नये असं काही

रुपयाएवढा गोल, गुळगुळीत, केस पूर्ण गेलेला चट्टा दिसला तर ती चाई असू शकते. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते. तेल चोळून काही होत नाही, डॉक्टरांच्या उपचारांनी बऱ्याच जणांचे केस परत येतात. कडा उठलेला, पसरत जाणारा, खाजणारा गोल चट्टा किंवा पू असलेल्या गाठी म्हणजे दाढीतलं गजकर्ण असण्याची शक्यता. ते न उकळलेल्या, न पुसलेल्या हत्यारांतूनही पसरतं, म्हणून सलूनमध्ये नवं ब्लेड आणि स्वच्छ टॉवेल मागायला संकोचू नका.

इथे लोक फार नुकसान करून घेतात. स्टेरॉइड मिसळलेलं मलम स्वतःच मागून लावतात. चार दिवस लाली जाते, मग बुरशी आतून पसरते आणि ओळखायलाही अवघड होते. मी असं मलम चिठ्ठीशिवाय देत नाही, त्यावरून गिऱ्हाइकं रागावतात, तरी देत नाही.

सयाजी हॉस्पिटलमध्ये त्वचारोगांची ओपीडी आहे. दाखवायला जाण्याआधी दोन दिवस दाढीला काही लावू नका, म्हणजे खरडून नमुना घ्यायचा झाला तर तो नीट मिळेल. आणि लावत होतात ती तेलाची बाटली, मलमाची ट्यूब, गोळ्यांची पट्टी, सगळं पिशवीत घालून सोबत न्या.