सांबऱ्याचं तिकीट बदलताना: आधी हिशेब, मग बटण

सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, एकेका शहराला दिवसात एखाददुसरंच विमान सुटतं, काही मार्गांवर तर रोजही नाही. त्यामुळे 'उद्यावर ढकलू' म्हणून वेबसाइट उघडावी, तर पुढचं विमान परवाचं निघतं, आणि विमान सत्तर-ऐंशी सीटचं असेल तर उरलेल्या चार सीटांचे दर आभाळाला भिडलेले असतात. म्हणून तिकिटाला हात लावायच्या आधी दोन गोष्टी कागदावर लिहून घ्या: कुठल्या कुठल्या तारखा चालतील, आणि सांबरा सोडून हुबळी, कोल्हापूर किंवा गोवा चालेल का. हुबळी आणि कोल्हापूर दोन्ही साधारण शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत आहेत. चढायचं गावच बदलायचं असेल, तर बहुतेक वेळा जुनं तिकीट रद्द करून नवीन काढणं सोपं पडतं.

बुकिंग उघडायला पीएनआर लागतो आणि सोबत आडनाव किंवा बुकिंगला दिलेला ईमेल. पीएनआर म्हणजे विमान कंपनीचा बुकिंग क्रमांक, तो सहा अक्षर-आकड्यांचा असतो. एजंटाने किंवा तिकीट विकणाऱ्या ॲपने दिलेला लांबलचक बुकिंग नंबर वेगळा. तो विमान कंपनीच्या साइटवर टाकला तर 'बुकिंग सापडलं नाही' एवढंच उत्तर येतं. ई-तिकिटाच्या कागदावर 'एअरलाइन पीएनआर' असं लिहिलेलं असतं, तो घ्या. तरीही उघडत नसेल तर इंग्रजी ओ आणि शून्य, आय आणि एक यांची अदलाबदल करून बघा. व्हॉट्सॲपवर आलेल्या अस्पष्ट फोटोवरून टाइप करताना हीच अक्षरं फसवतात. आडनावाच्या रकान्यातही गोम असते. आधारवर आद्याक्षरं आणि नाव एवढंच असेल, तर काढणाऱ्याने आडनावाच्या जागी वडिलांचं नाव टाकलेलं असू शकतं, किंवा स्वतःचंच नाव दोनदा. तिकिटावर जे छापलंय तेच टाकायचं, घरात म्हणतात ते नव्हे.

उघडल्यावर सगळ्यात आधी मोबाइल नंबर आणि ईमेल तपासा. खडेबाजारातल्या किंवा निपाणीतल्या एजंटाकडून तिकीट काढलं असेल, तर तिथे अनेकदा एजंटाचाच नंबर असतो. विमान दोन तास पुढे गेलं की मेसेज त्याला जातो आणि तुम्ही सांबऱ्याला जाऊन बसता. साइट परवानगी देत असेल तर आपला नंबर घाला, नाहीतर एजंटाकडून घालून घ्या. पैसे मात्र ज्याने भरले त्याच्याच खात्यात परत येतात. एजंटाच्या वॉलेटमधून तिकीट निघालं असेल, तर रद्द करण्याची विनंतीही त्याच्याचकडून जायला हवी. दोन्हीकडून वेगवेगळी विनंती गेली की रिफंड मध्येच लोंबकळतो.

आता खरा मुद्दा. तारीख बदलताना दोन रकमा लागतात: बदल शुल्क आणि जुन्या-नव्या भाड्यातला फरक. शुल्क दर प्रवाशामागे आणि दर टप्प्यामागे धरतात. चौघांचं जाणं-येणं बदललं तर आठ वेळा. उड्डाणाला तीन-चार दिवस उरले की बऱ्याच कंपन्यांचं शुल्क वरच्या दरात जातं. नवं भाडं कमी निघालं तर फरक परत मिळेलच असं नाही, ते भाड्याच्या प्रकारावर ठरतं.

पण 'बदला' दाबण्याआधी 'रद्द करा' हे पान उघडून तिथला आकडाही बघा. शेवटचं पक्कं करणारं बटण दाबेपर्यंत काही रद्द होत नाही. डीजीसीए या विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या नियमानुसार रद्द करण्याचं शुल्क बेस फेअर (मूळ भाडं) आणि फ्युएल सरचार्ज (इंधन अधिभार) यांच्या बेरजेपेक्षा जास्त घेता येत नाही. स्वस्त तिकिटाला हा नियम कसा उपयोगी पडतो ते बघा. आकडे समजण्यापुरते घेतलेत. जुनं तिकीट 3,200 रुपयांचं: बेस फेअर 2,200, कर आणि विमानतळाची शुल्कं 700, कन्व्हिनियन्स फी (ऑनलाइन बुकिंगची फी) 300. नवं तिकीट, फी धरून, 3,600 ला मिळतंय आणि बदल शुल्क 3,000 आहे. बदललं तर 3,000 अधिक भाड्यातला फरक 400, म्हणजे 3,400 रुपये जातात. रद्द केलं तर बेस फेअर शुल्कात जातं, फीही बुडते, पण 700 परत येतात आणि नवीन 3,600 चं काढायचं, म्हणजे खिशातून 2,900. पाचशे रुपये वाचले, तेही एका माणसामागे. बेस फेअर पाच-सहा हजारांचं असेल तर गणित बहुधा उलटतं आणि बदलणंच परवडतं. रद्द करून नवीन काढायचं ठरवलं तर क्रम उलटा ठेवा: आधी नवं तिकीट हातात येऊ द्या, मग जुनं रद्द करा. चार सीट उरलेल्या विमानात मधल्या दहा मिनिटांतही भाव चढतो.

तिकीट काढल्याबरोबर चूक लक्षात आली तर हा हिशेब करायची गरजच नाही. कंपनीकडून थेट काढलेलं, सात दिवसांपेक्षा पुढचं देशातलं उड्डाण असेल, तर काढल्यापासून किमान 24 तास विनाशुल्क रद्द करता किंवा बदलता येतं. फक्त नवं भाडं जास्त असेल तर तेवढा फरक भरावा लागतो. नावातली चूकही याच वेळेत कळवा. चव्हाणचं इंग्रजी स्पेलिंग एका ओळखपत्रावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं, हे आपल्या भागात नेहमीचं. दोन-तीन अक्षरांची दुरुस्ती होते, पण एकाचं तिकीट दुसऱ्याच्या नावावर होत नाही. आत्याऐवजी मावशी जाणार असेल तर नवीनच तिकीट काढावं लागतं.

वेळापत्रकाचा एक फायदा फार जणांच्या लक्षात येत नाही. विमानांचं उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी लागतं, हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. सप्टेंबरात काढलेलं नोव्हेंबरचं तिकीट असेल, तर मधे वेळ सरकण्याची किंवा ते उड्डाणच बंद होण्याची शक्यता असते. कंपनीनेच विमान रद्द केलं तर दुसरं उड्डाण किंवा पूर्ण पैसे, यातलं तुम्ही मागाल ते द्यावं लागतं. वेळ बरीच सरकली तरी बहुतेक कंपन्या एकदा फुकट बदलू देतात. त्यामुळे तारीख बदलायची घाई नसेल आणि मधे हा रविवार येत असेल, तर थोडं थांबणं फायद्याचं ठरू शकतं. मात्र कंपनीचा मेसेज आला की 'स्वीकारा' हे बटण सवयीने दाबू नका. ते दाबलं की पर्याय संपला.

गोव्याहून जाणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत: दाभोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स. तारीख बदलताना यादीत दोन्ही 'गोवा' म्हणून शेजारी येतात आणि स्वस्त दिसतंय म्हणून हात दुसऱ्यावर पडतो. मोपा गोव्याच्या उत्तर टोकाला, दाभोळी वास्कोजवळ. बेळगावहून चोर्ला घाटाने निघालेल्या गाडीला ही चूक पेडण्यापर्यंत फिरवते, आणि पावसाळ्यात घाटातला वेळ आणखी वेगळा. तसंच रात्री 12.40 चं विमान 15 तारखेचं असेल तर 14 च्या संध्याकाळीच घर सोडायचं असतं. बेळगाव शोधून सापडत नसेल तर आयएक्सजी हा कोड टाका. काही साइटवर शहराचं जुनं इंग्रजी नाव आहे, काहींवर 2014 नंतरचं.

एका पीएनआरवर चौघं आणि एकट्याचीच तारीख बदलायची असेल तर आधी पीएनआर 'स्प्लिट', म्हणजे त्याच्यापुरता वेगळा, करून घ्या, नाहीतर बदल सगळ्यांना लागू होतो. जाण्या-येण्याचं एकच तिकीट असेल आणि जाताना बसने गेलात, तर जाण्याच्या टप्प्याला नो-शो (न कळवता गैरहजर) लागून येण्याचंही रद्द होऊ शकतं. न जाणारा टप्पा उड्डाणाआधी कळवूनच काढून टाका. परदेशी जाताना सांबरा ते बेंगळुरू वेगळ्या पीएनआरवर असेल, तर पहिलं बदललेलं दुसऱ्या कंपनीला कळत नाही. बेंगळुरूला आंतरराष्ट्रीय उड्डाणं टर्मिनल 2 मधून आहेत, तेवढा वेळ मधे ठेवा. विद्यार्थी किंवा सैनिक सवलतीचं तिकीट बदललं तरी सवलतीचं ओळखपत्र सोबत लागतंच. विकत घेतलेली सीट, जेवण, जादा वजन हे नव्या उड्डाणावर आपोआप जातंच असं नाही, पैसे भरायच्या आधीच्या पानावर ओळ न् ओळ वाचा.

वेब चेक-इन झालं असेल तर काही साइट बदल करू देत नाहीत. आधी चेक-इन रद्द करावं लागतं. उड्डाणाला काही तास उरले की ऑनलाइन बदलही बंद होतो. यूपीआयने पैसे कापले गेले आणि पान अडकलं, तर लगेच पुन्हा भरू नका. पीएनआर टाकून नवी तारीख दिसते का बघा, दिसली नाही तर बँकेचा मेसेज जपून ठेवून थोडं थांबा.

विमान चुकलं, तिकीट 'नॉन-रिफंडेबल' होतं, तरी विमानतळाची शुल्कं आणि सरकारी कर परत मागता येतात. बरेच जण मागतच नाहीत. 'क्रेडिट शेल'मध्ये, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच, पैसे ठेवायचे की खात्यात घ्यायचे, हे कंपनीने नव्हे, तुम्ही ठरवायचं. रिफंड अडकला तर आधी कंपनीच्या साइटवर लेखी तक्रार करा, तिचा क्रमांक घ्या आणि तो घेऊन एअरसेवा या सरकारी पोर्टलवर जा. गूगलवर 'कस्टमर केअर' शोधून मिळालेल्या मोबाइल नंबरवर मात्र फोन करू नका. स्क्रीन शेअर करायला सांगणारा कंपनीचा माणूस नसतो. पैसे गेलेच तर पहिल्या तासातच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.