घरी केलेल्या बिअरमधील अल्कोहोलचे प्रमाण कसे मोजावे

महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार गुन्हा आहे. त्यामुळे पुढील माहिती ब्रिटन, अमेरिका यांसारख्या, स्वतःपुरती बिअर घरी करण्यास कायद्याने मुभा असलेल्या देशांतील वाचकांसाठी आहे.

हे मोजमाप बिअर तयार झाल्यावर नव्हे, तर यीस्ट घालण्यापूर्वीच सुरू होते. घरी सहसा वापरले जाणारे हायड्रोमीटर अल्कोहोल थेट मोजत नाही. माल्टमधून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातून, उतरलेल्या साखरेमुळे वर्ट, म्हणजे न आंबलेला गोड अर्क, पाण्यापेक्षा जड असतो. यीस्ट त्या साखरेचे अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करते, तसतसा तो हलका होत जातो. आंबण्यापूर्वीचे आणि नंतरचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे द्रव पाण्याच्या किती पट जड आहे ते, मोजून त्यांतील फरकावरून अल्कोहोल काढायचे असते. दूध संकलन केंद्रावरील लॅक्टोमीटरचेच तत्त्व येथेही आहे: द्रव जितका जड, तितके उपकरण वर तरंगते.

प्रथम हायड्रोमीटर तपासून घ्यावे. अनेक हायड्रोमीटर २० अंश सेल्सिअसला प्रमाणित केलेले असतात. तेवढ्या तापमानाच्या डिस्टिल्ड पाण्यात त्याने १.००० दाखवले पाहिजे. ते १.००२ दाखवत असेल, तर प्रत्येक नोंदीतून ०.००२ वजा करावेत.

वर्ट निवल्यावर, यीस्ट घालण्याआधी, निर्जंतुक केलेल्या पळीने नमुना काढून उंच, अरुंद नळकांड्यात घ्यावा. माल्टच्या तयार अर्कात वरून पाणी घालून बिअर करणाऱ्यांनी येथे विशेष काळजी घ्यावी, कारण दाट अर्क तळाशी बसतो आणि नीट न ढवळता घेतलेला नमुना भलताच आकडा देतो. हायड्रोमीटर हलकेच फिरवून सोडावे, म्हणजे त्याला चिकटलेले बुडबुडे सुटतात. मग डोळे द्रवाच्या पातळीवर आणून, काचेलगत वर चढलेल्या कडेवरचा नव्हे, तर पृष्ठभागाच्या सपाट भागाशी जुळणारा आकडा वाचावा. नमुना ३० अंशांचा असेल, तर वाचलेल्या आकड्यात सुमारे ०.००२५ मिळवावेत; त्याहून गरम नमुना थंड करून मोजणेच शहाणपणाचे. मोजलेला नमुना पुन्हा भांड्यात ओतू नये.

किण्वन, म्हणजे आंबण्याची क्रिया, थांबल्यासारखे वाटले, तरी एकाच नोंदीवर विसंबू नये. दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन नोंदी सारख्या आल्या, तरच तो आकडा अखेरचा मानावा. या वेळी नमुन्यात वायू विरघळलेला असतो आणि तो हायड्रोमीटरला वर उचलतो, म्हणून नमुना दोन पेल्यांत अनेकदा खालीवर ओतून वायू घालवावा.

आता सुरुवातीच्या आकड्यातून अखेरचा आकडा वजा करून बाकीला १३१.२५ ने गुणावे. सुरुवात १.०५० आणि अखेर १.०१० असेल, तर ०.०४० गुणिले १३१.२५, म्हणजे आकारमानाने ५.२५ टक्के अल्कोहोल. नेहमीच्या बिअरसाठी हे सूत्र पुरेसे आहे. कडक बिअरमध्ये मात्र ते कमी उत्तर देते: १.०९० वरून १.०२० वर आलेल्या बिअरसाठी ते ९.२ टक्के सांगते, तर अधिक काटेकोर सूत्रांनी उत्तर १० टक्क्यांच्या जवळ जाते. बाटलीत फेसासाठी घातलेल्या साखरेचे थोडे अल्कोहोल वेगळेच.

सुरुवातीची नोंद घ्यायची राहिलीच, तर वायू घालवलेल्या बिअरचे ठरावीक माप घेऊन तिचे विशिष्ट गुरुत्व मोजावे, ती हवेशीर जागी उघड्या भांड्यात निम्मी होईपर्यंत उकळावी आणि निवल्यावर डिस्टिल्ड पाणी घालून मूळ मापाइतकी करून पुन्हा मोजावे. अल्कोहोल उडून गेल्याने आकडा वाढतो, ०.००७ ची वाढ म्हणजे साधारण ५ टक्के. मात्र येथे वाचण्यात ०.००१ ची चूक झाली, तर उत्तर सुमारे ०.७ टक्क्याने हलते; पहिल्या पद्धतीत तेवढ्याच चुकीने ते जेमतेम ०.१३ टक्क्याने हलते. म्हणून उकळून काढलेला आकडा बाटलीवर लिहिताना त्यामागे ‘अंदाजे’ जरूर लिहावे.