बॅकवॉटरला बोट क्लब काढताय? जागेच्या बाबतीत या चुका टाळा

मराठवाड्यात बोट क्लबची जागा बहुतेक जण पावसाळा सरल्यावर बघतात. नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, तुडुंब भरलेला, पाणी शेताच्या बांधाला लागलेलं. उभ्या उभ्याच ठरतं: इथे जेटी, तिथे कँटीन, वर पार्किंग. पुढे सगळ्यात महागात पडते ती हीच घाई. जागा मे महिन्यात बघा.

जायकवाडीची पूर्ण संचय पातळी १५२२ फूट. धरण भरतं तेव्हा काठ तिथे, उन्हाळ्यात तो कितीतरी आत सरकलेला. मधे उघडी पडणारी जमीन धरणासाठी संपादित झालेली, म्हणजे जलसंपदा विभागाची. ती हंगामापुरती गाळपेर म्हणून पिकं घ्यायला देतात, त्यात धरणग्रस्तांना आधी विचारलं जातं. तुमचा सातबारा या जमिनीच्या वरच संपतो. त्यामुळे फेब्रुवारीनंतर तुमच्या बोटीपर्यंतची वाट कुणाच्या तरी उभ्या पिकातून जाते. गाळपेर करणाऱ्या शेतकऱ्याशी स्टँप पेपरवर करार करून भागेल, असा सल्ला गावात हमखास मिळतो. ऐकू नका. त्याला ती जमीन पिकापुरती मिळालेली आहे, जेटीला किंवा रस्त्याला द्यायचा हक्क त्याच्याकडेच नाही. शिवाय भांडण लागलं की क्लब बाहेरचा आणि शेतकरी गावचा.

पक्की सिमेंटची जेटी तर बांधूच नका. पाणी दरवर्षी तिथवर येईलच असं नाही. २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. तरंगती जेटी पाण्याबरोबर खालीवर होते, पुढे-मागे सरकवता येते. मात्र ती जलाशयात ठेवायलाही जलसंपदा विभागाची परवानगी लागतेच.

दुसरी चूक सरपंचांच्या पत्राची. ग्रामपंचायतीचं नाहरकत म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. गावठाणाबाहेर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ लागू होतो आणि परवानगी नियोजन प्राधिकरणाकडून घ्यावी लागते: कुठे जिल्हाधिकारी, कुठे नगरपरिषद, कुठे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. आपला गट नंबर कुणाच्या हद्दीत येतो हे पहिल्यांदा नगररचना कार्यालयात विचारा. तिथूनच झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. जमीन शेती विभागात दाखवलेली असेल, तर त्या विभागात कोणते वापर चालतात हे २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत बघा. तुमचा वापर त्या यादीत बसतो का, एवढंच अधिकारी तपासतो. ‘बोट क्लब’ हे नाव तिथे शोधत बसण्यापेक्षा जमिनीवर नेमकं काय उभं राहणार ते लिहा: तिकीट खिडकी, बोटी ठेवायची शेड, उपाहारगृह, राहायच्या खोल्या. अर्जात नुसतं ‘मनोरंजन’ लिहायचं आणि प्रत्यक्षात लग्नाचं लॉन चालवायचं, हा प्रकार आपल्याकडे फार होतो. तो वापरातला बदल ठरतो आणि तक्रार करायला शेजारचा लॉनवाला तयारच असतो.

बिनशेती आदेश हातात पडला की झालं, असंही लोक धरून चालतात. तो महसूल खात्याचा विषय झाला. पूररेषा त्याने पुसली जात नाही.

ही पूररेषा धरणाच्या खालच्या बाजूला, म्हणजे पैठण शहर किंवा नांदेडच्या नदीकाठी, जास्त नडते. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. नदी ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा. निळी ते लाल या पट्ट्यात अटींवर काही बांधकामं चालतात. ‘आमच्या आठवणीत इथे पाणी आलेलं नाही’ हा युक्तिवाद पैठणमध्ये तरी कुणी करू नये. ऑगस्ट २००६ मध्ये जायकवाडीतून पाणी सोडलं तेव्हा ते शहरात शिरलं होतं.

नाथसागराच्या काठी आणखी एक खातं आहे आणि त्याची आठवण शेवटी होते. १९८६ पासून हे पक्षी अभयारण्य आहे, आणि २०१७ मध्ये त्याभोवतीचं पर्यावरण संवेदनशील क्षेत्र अधिसूचित झालं. अभयारण्यात पर्यटनासाठी जायलाही वन्यजीव विभागाची परवानगी हवी. मोटारबोट ही तर फार पुढची गोष्ट. फ्लेमिंगो हिवाळ्यात येतात आणि क्लबचा हंगामही तोच, त्यामुळे इथे सवलतीची आशा धरू नका. जागेचा इसार देण्याआधी अधिसूचनेतली गावांची यादी आणि नकाशा बघा. माझ्या मते मोटारबोटीचा क्लब काढायचाच असेल, तर नाथसागर सोडून दुसरं धरण बघावं.

कोकणातल्या एखाद्या प्रकल्पाचा अहवाल उचलून त्यात फक्त गावाचं नाव बदलणारे सल्लागारही भेटतात. अहवालात सागरी किनारा नियमन क्षेत्राचा उल्लेख दिसला, की तो अहवाल परत करा. पैठणला समुद्र नाही.

बोटीची नोंदणी आणि जागेची परवानगी यांची गल्लत करू नका. यांत्रिक बोटींना अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ लागू आहे आणि राज्यात ते काम महाराष्ट्र सागरी मंडळ बघतं. ते प्रमाणपत्र जमिनीसाठी चालत नाही, जमिनीची परवानगी बोटीसाठी नाही. मे २०२४ मध्ये उजनीत बोट उलटून सहा जण बुडाले. लाइफ जॅकेटचा खर्च वाचवायचा विचार मनातही आणू नका. मासेमारीचा ठेका कोणत्या सहकारी संस्थेकडे आहे तेही विचारा, नाहीतर बोटीच्या पंख्यात जाळं अडकलं की भरपाईचा वाद क्लबच्या गळ्यात.

बांधकाम झालं आणि नोटीस आली, तर आधी ती कुणाची आहे ते वाचा. नियोजन प्राधिकरणाची, नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ खालची असेल, तर तिच्यात दिलेल्या मुदतीतच कलम ४४ प्रमाणे बांधकाम कायम ठेवण्यासाठी अर्ज करता येतो. वापर झोनमध्ये बसणारा असेल तर निदान काही आशा आहे. निळ्या रेषेच्या आत किंवा संपादित जमिनीवर बांधलं असेल, तर वकिलावर पैसे घालण्याआधी भूमी अभिलेख आणि पाटबंधारे उपविभाग यांची संयुक्त मोजणी मागा. कधीकधी शेडचा अर्धाच भाग हद्दीबाहेर निघतो, आणि तेवढाच काढून उरलेला वाचवता येतो.