ब्रिमफील्डला निघण्याआधी डिकी मोजा

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं ब्रिमफील्ड हे एरवी शांत, अठराव्या शतकात वसलेलं खेडं. पण मे, जुलै आणि सप्टेंबरमध्ये मंगळवार ते रविवार तिथे जुन्या वस्तूंचा बाजार भरतो आणि रूट २० या हमरस्त्याच्या दोन्ही बाजूंना मैलभर तंबूच तंबू दिसतात. १९५९ साली गॉर्डन रीड नावाच्या लिलाववाल्याने स्वतःच्या जागेत सुरू केलेला हा बाजार आता वीसेक मैदानांवर पसरलाय आणि मैदानागणिक मालक वेगळा. म्हणून जायचा वार ठरवतानाच कुठलं मैदान कधी उघडतं ते पाहून ठेवा. काही मंगळवारी उजाडताच उघडतात, काही बुधवारी, काही तर थेट गुरुवारी-शुक्रवारी. काहींना तिकीट असतं, बऱ्याच ठिकाणी चकटफू. निवड हवी असेल तर मंगळवार-बुधवार गाठा. भाव उतरायला हवा असेल तर शनिवार-रविवार, कारण तोवर विक्रेत्यालाही सामान परत गाडीत भरायचा कंटाळा आलेला असतो.

आता मोजमाप. घरातली ज्या भिंतीला कपाट लावायचंय ती भिंत, घराचा दरवाजा, जिन्याचं वळण आणि गाडीची डिकी, सीट पाडून आणि न पाडता, हे सगळं इंचांत लिहून फोनमध्ये फोटो काढून ठेवा. सेंटिमीटर तिथे कोणाला कळत नाहीत. आम्ही पहिल्या वर्षी हे केलं नाही. पाइनचं एक सुरेख कपाट घेतलं, ते गाडीत शिरेना, आणि शेवटी नवऱ्याने त्याचे कप्पे मांडीवर घेऊन दीड तास प्रवास केला. तेव्हापासून आमच्या पिशवीत मेझरिंग टेप आधी जाते, पाण्याची बाटली नंतर. दोन जुन्या गोधड्या, सुतळीचा गुंडा आणि वर्तमानपत्रांची रद्दीही गाडीत टाका. ओढायची चाकाची गाडी असेल तर फारच उत्तम. चिनी मातीची सहा ताटं हातात धरून मैलभर चालणं म्हणजे शिक्षा आहे.

रोख पैसे न्या, आणि सुटे न्या. गर्दीत फोनचं नेटवर्क रडतं, तेव्हा ॲपवर भरवसा नको. घासाघीस चालते, पण आपल्या जुन्या बाजारासारखी नाही. पुण्यात पाचशे सांगितले की आपण दोनशेवर सुरू होतो. इथे असं केलंत तर समोरचा आजोबा खुर्चीवरून उठणारही नाही. ‘तुमची बेस्ट प्राइस काय?’ एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. दहा-वीस टक्के बहुधा आपोआप सुटतात.

खिशात तीन वस्तू हव्यात. पहिली लोहचुंबक: पितळेला चुंबक चिकटत नाही, त्यामुळे चिकटला तर आत लोखंड आणि वर मुलामा. दुसरी भिंग: चांदीच्या चमच्यामागे ‘स्टर्लिंग’ किंवा ९२५, म्हणजे खरी चांदी, आहे की ‘ईपीएनएस’, म्हणजे नुसता चांदीचा थर, ते याशिवाय दिसत नाही. तिसरी छोटी अतिनील बॅटरी: युरेनियम घातलेली जुनी काच तिच्या उजेडात हिरवीगार चमकते. मुलं सोबत असतील तर बॅटरी त्यांच्याच हातात राहते, ते गृहीत धरा.

थोडा अभ्यासही निघण्याआधीच. परदेशी मालावर देशाचं नाव छापण्याची सक्ती अमेरिकेने १८९१ पासून केली. म्हणून कपाच्या तळाशी ‘निप्पॉन’, म्हणजे जपानचंच जपानी नाव, असेल तर तो साधारण १८९१ ते १९२१ मधला, आणि ‘ऑक्युपाइड जपान’ असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतरचा, १९५२ पर्यंतचा. अर्थात शिक्काही खोटा मारता येतो. लाकडी सामान उलटं करून पाहा: चौफुलीच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकात आले, त्यामुळे ‘दीडशे वर्षांपूर्वीच्या’ टेबलाला ते दिसले की निदान दुरुस्ती कधी झाली ते विचारा. रंग उडालेला जुना पाळणा कितीही गोड दिसला तरी बाळासाठी नको. १९७८ पूर्वीच्या रंगात शिसं असू शकतं. हस्तिदंताला तर हातच लावू नका, भारतात नेणं दूरच.

कपड्यांचं म्हणाल तर पहाटे गारठा आणि दव, दुपारी ऊन, पाऊस पडून गेला असेल तर घोट्याएवढा चिखल. जुने बूट, पूर्ण पँट, मोजे. गवतात गोचिड्या असतात आणि त्यांच्यामुळे होणाऱ्या लाइम रोगाला नाव मिळालं तेच शेजारच्या कनेक्टिकटमधल्या लाइम गावावरून. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत पाहून घ्या. अगदी पहाटे जाणार असाल तर डोक्याला बांधायची बॅटरी घ्या.

आई-बाबा भारतातून आलेले असतील तर त्यांना दिवसभर फिरवू नका. अर्धा दिवस बाजार, मग जवळच्याच स्टरब्रिजला ओल्ड स्टरब्रिज व्हिलेज. १८३० च्या दशकातलं न्यू इंग्लंडचं, म्हणजे अमेरिकेच्या या ईशान्य भागातलं, खेडं तिथे उभं केलंय, लोहार भाता फुंकतो, चुलीवर स्वयंपाक होतो. आमच्या सासूबाई तिथल्या चुलीपाशी अर्धा तास रमल्या आणि बाजारात मात्र एका गंजक्या अडकित्त्यासारख्या वस्तूची किंमत ऐकून म्हणाल्या, ‘अगं, असले चार माळ्यावर पडलेत आपल्याकडे!’

परतताना रूट २० वर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. दशम्या आणि लोणचं पुढच्या सीटवर ठेवा. मागे कपाट असेल.